धोंडीराम पाच भाषांत भांडतो

आमच्या शेजारच्या धोंडीरामला पाच भाषा येत होत्या आणि त्यातल्या एकाही भाषेत त्याला कुणाला ‘या, बसा’ म्हणता येत नव्हतं. ‘सरक तिकडं’, ‘डोळे फुटले काय’, ‘रस्ता तुझ्या बापाचा हाय का’, हे मात्र पाचही भाषांत तोंडपाठ, तेही अस्सल उच्चारांसकट.

उदगीरला गुरांच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं आणि आमचं घर एका भिंतीचं. पुढं त्याचं दुकान. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा, बैलाच्या अंगावर चढेल ते सगळं तिथं मिळायचं. देवणी बैल घ्यायला बीदरकडचे यायचे, तेलंगणातले यायचे, आणि धोंडीराम गिऱ्हाईक म्हणून कुणाकडं बघायचाच नाही. त्याला प्रत्येकात मास्तर दिसायचा.

शाळेतल्या मास्तरांशी त्याचं जमलं नव्हतं. चौथीत हा इतका रमला की मास्तर बदलले, बाकं बदलली, हा काही बदलला नाही. मी तर शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षरं जुळवायला शिकले. त्यामुळं शिक्षणावर आम्हां दोघांचं बोलणं फार चालायचं. ज्याला जे मिळत नाही त्यावर तो जास्त बोलतो, दुसरं काय.

“अक्का, भाषा शिकणं दिमागाचं काम न्हाई,” तो म्हणायचा. “हट्टाचं हाय.”

“अन् हट्ट कसा करायचा?”

“भांडायचं. गोड बोलणारा माणूस हळू बोलतो, अन् खोटं बोलतो, कायबी कळत न्हाई. भांडणारा कसा, मोठ्यानं बोलतो, एकच गोष्ट दहादा सांगतो, वरून हात करून दाखवतो. ह्याच्यापरास चांगला मास्तर कुठं घावंल तुमाला?”



लातूर नवा जिल्हा झाला त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. जिल्हा झाला म्हणून पेढे वाटले होते, नव्या पाट्या आल्या, नवे साहेब आले. पाऊस काही बदली होऊन आला नाही. नळ सुकले आणि टँकर सुरू झाले. टँकरची रांग म्हणजे धोंडीरामचं कॉलेज. तेलुगू बोलणाऱ्या वडारणींच्या हंड्यापुढं मुद्दाम आपली घागर सरकवायची आणि मग कान उघडे ठेवून उभं राहायचं. त्या बायांनी याला असा झोडपला शब्दांनी, की उन्हाळा संपायच्या आत तेलुगू आली.

मग बोअर पाडायच्या गाड्या आल्या, त्यांच्यावर तमिळ पोरं. त्यांनी दुकानासमोर भोक पाडायला घेतलं. पाण्याचा थेंब नाही, नुसता पांढरा फुफाटा, आणि तो सगळा याच्या कासऱ्यांवर. दुसऱ्या कुणी कपाळ बडवलं असतं. हा लुंगी वर खोचून मशीनसमोर उभा राहिला आणि त्या पोरांशी रोज सकाळ-संध्याकाळ भांडला. आधी मराठीत, मग हातवाऱ्यांनी, शेवटी तमिळमध्ये. गाडी गाव सोडून निघाली तेव्हा पोरं टपावर चढून याला शिव्या देत होती, आणि हा गाडी वळेपर्यंत मागं धावत परत देत होता. घरी आला तर डोळे लाल.

“धूळ गेली,” म्हणाला. “लई गुणी पोरं व्हती, अक्का.”

मी मात्र डोक्याच्या बाजूनं बोलायची. “हट्टाचं सांगू नको मला. डोकं बघायचं तर तुझ्या बायकोचं बघ.”

त्याची बायको गौरा, भालकीकडची. लग्न होऊन आली तेव्हा कानडीशिवाय अक्षर येत नव्हतं. कुणाशी भांडली नाही, कुणाला विचारलं नाही, चुलीपाशी बसून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवाळीला अशी मराठी बोलायला लागली की सासूला चूक काढायला जागा उरली नाही. म्हातारीनं त्याचाच राग धरला. धोंडीरामच्या चार शिव्यांच्या तमिळपेक्षा गौराचं न बोलणं जास्त शहाणं, असं माझं मत.

“ते खरं हाय,” तो म्हणायचा. “म्हणून तर कानडीचं खातं तिच्याकडं.” कानडी गिऱ्हाईक आलं की दुकानातूनच “अगंऽ” अशी हाक जायची आणि हा बाजूला. भांडणाच्या पाच भाषा म्हणजे मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, तमिळ; त्यांत कानडी नव्हती.

“घरचाच मास्तर असून शिकला न्हाईस?” मी एकदा विचारलं.

तो कासरा वळत वळत म्हणाला, “तिच्याशी कसं भांडू? नवी आली तवा जरा आवाज चढवला तर रडायची, अन् रडायची कानडीत. काय झालं ते कळायचं न्हाई. म्हणून आवाजच चढवला न्हाई पुन्हा.”

पुढच्या उन्हाळ्यात गौराला झटका आला. अर्धं अंग गेलं. लातूरला नेऊन आणली. हात थोडा हलायला लागला, तोंडातून शब्दही यायला लागले. पण मराठी गेली. एवढ्या वर्षांची मराठी पुसली गेली आणि खाली होती ती कानडी तेवढी राहिली. ती काहीतरी मागायची, धोंडीराम तांब्या पुढं करायचा, मग पांघरूण, मग औषध. ती मान वळवायची. मग तिनं मागणंच सोडलं. दिवसभर भिंतीकडं तोंड. पेजही नको, भातही नको.

माझं माहेर निलंग्याकडं, कानडी मला कळते, पण दिवसरात्र मी कुठं तिथं असणार! मी म्हटलं, शिकवते. “हे बघ, नीरु म्हणजे पाणी.” तो “नीरु, नीरु” करत घरी जायचा आणि उंबऱ्यापाशी विसरायचा.

“असं गोडीनं न्हाई जात माझ्या टकुऱ्यात. भांडा माझ्याशी, अक्का!”

मी पदर खोचला, डोळे वटारले आणि हसायला लागले. तो हसला नाही. तसाच उठून स्टँडवर गेला.

बीदरकडच्या, कानडी कंडक्टरांच्या गाड्या लागायच्या तिथं हा रोज जाऊन उभा. जायचं कुठंच नाही, पण चढायचं, दारात अडून बसायचं, कंडक्टरनं ढकललं की भांडायचं. एका कंडक्टरनं तर हात जोडले, म्हणाला, “मालक, फुकट नेतो भालकीला, पण आत बसा!” हा खाली उतरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात.

एका दुपारी मी गौराला मऊ भात घेऊन गेले होते. धोंडीराम आला, घामानं भिजलेला. खाटेसमोर ताठ उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि गर्जला, “स्वल्प सरी! मुंद होगु!” म्हणजे जरा सरक, पुढं हो! तेवढंच त्याला येत होतं. खोलीत गर्दी म्हणाल तर मी आणि भाताचं ताट.

गौरानं मान फिरवली. कितीतरी दिवसांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. आणि मग त्या वाकड्या तोंडानं तिनं जे सुरू केलं! बायकोशी असं बोलतात का, आजारी माणसावर ओरडतात का, अशा ओरडण्यानं गावातली गुरं उधळतील, लाज कशी वाटत नाही. मला तर अर्धं कळायच्या आत ती पुढं गेलेली.

धोंडीराम माझ्याकडं वळला. चेहरा असा, जणू पाऊस पडला.

“भांडली, अक्का! माझ्याशी भांडली!”

त्या दिवशी तिनं निम्मा भात खाल्ला. मधे मधे थांबून त्याचे उच्चार सुधारत.

तेव्हापासून दुपार झाली की भिंतीपलीकडं भांडण सुरू. स्टँडवरचं एक नवं वाक्य तो आणायचा, ती त्याचं भुसकट पाडायची. पाणी, मीठ, उशी, ऊन, सगळे शब्द त्याला भांडणातूनच मिळाले. डोकं मोठं की हट्ट मोठा, यावरचं आमचं बोलणं मात्र बंद पडलं. त्याला वेळच नसायचा.

पाऊस लांबला तशी गौरा पुन्हा खचली. एका दुपारी पलीकडून तिचा बारीक आवाज आला, “साकाय्तु. ना होगतिनी.” पुरे झालं, मी जाते.

मग धोंडीरामचा कंडक्टरी आवाज फुटला, भिंत हादरेल असा.

“इळीब्याड! ऊर इन्ना दूर अद!”

उतरू नको, गाव अजून लांब आहे.

मी हातातलं काम टाकून भिंतीला कान लावला. शेवटी ती पुटपुटली. ओरडतोस कशाला, म्हणत होती, मी काय बहिरी आहे? तो आणखी जोरात ओरडला. तिचाही आवाज चढला.

शेजारचं भांडण मिटावं म्हणून जन्मभरात मी कितीदा देवाला हात जोडले असतील. त्या दुपारी मिटू नये म्हणून जोडले.