कानबाईच्या तीन ओळी गायब

धुळ्यात कान सगळ्यांनाच आहेत, पण ऐकता येतं ते एकट्या ईश्वरला, असं खुद्द ईश्वरचं मत होतं. म्हणून पाटीवर 'साउंड स्टुडिओ'च्या खाली त्याने 'ध्वनिगुन्हे अन्वेषण' असंही रंगवून घेतलं होतं. आजवर एकच गुन्हा उकलला होता. स्टुडिओतली गूढ घरघर शेजारच्या रसवंतीची निघाली, आणि तेही रसवंतीवाल्यानेच येऊन सांगितलं.

शत्रूला आपल्या संगणकावर काम करता येऊ नये, म्हणून त्याने आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरचे सगळे शॉर्टकट बदलले होते. माउसचं अंगठ्याजवळचं बटण दाबलं की निवडलेला आवाज पुसला जाई आणि बदल आपोआप सेव्हही होई. खोकला, कुत्री, हॉर्न यांच्यासाठी ही खास सोय. केलेलं रद्द करायला जगाला दोन बटणं पुरतात, ईश्वरला चार लागत. ती चार कोणती, हे आता फक्त त्याची मदतनीस ज्योत्स्ना सांगू शकत होती.

शनिवारी साक्रीहून वच्छलाबाई आल्या. आठ दिवसांपूर्वी त्यांनी आणि थोरल्या बहिणीने, दगडीबाईने, इथेच खानदेशच्या कानबाई देवीचं गाणं म्हटलं होतं. मग दगडीबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. ती आता पुन्हा गाणार नव्हती. उद्या घरी कानबाई बसणार, तिच्यापुढे दोघींचा आवाज वाजायला हवा होता. दुसरी प्रत नव्हती, कारण प्रती ठेवल्या की फुटतात, हा ईश्वरचा सिद्धांत.

त्याने पहिली ओळ निवडून वाजवली. वच्छलाबाईंचे डोळे भरून आले.

"थांबा!" ईश्वरने माउस घट्ट आवळला. "मागे कोणीतरी श्वास घेतंय!"

"मीच घेतेय, ईश्वरभाऊ," ज्योत्स्ना म्हणाली. "रोजच घेते."

"आखो लाव रे भाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. त्याने पुन्हा लावली, तर ओळ गायब! पडद्यावर नुसती सपाट रेघ.

ईश्वर खुर्चीतून पुढे सरकला. भीतीने, आणि खरं सांगायचं तर थोडं आनंदानेही. अखेर गुन्हा घडला होता. त्याने दुसरी ओळ लावली. ती ठणठणीत वाजली.

"आलं लक्षात! जळगावच्या स्टुडिओवाल्या नवीनचा कट!" माउस पुन्हा आवळला गेला.

"नवीन महिनाभर गावी गेलाय."

"म्हणजे पुरावाही ठेवला नाही त्याने!"

दुसऱ्यांदा लावली, तर तीही ओळ सपाट. तिसऱ्या ओळीच्या वेळी त्याने संशयित म्हणून वीज पकडली. व्होल्टेज कमी झालं की आधी बायकांचे आवाज जातात, असं त्याने माउसवरची मूठ आवळून पटवून दिलं, आणि तिसरीही गेली.

"व्हायरस!" तो उठला. "संगणक बंद करून चालू करू, सगळं ठीक होईल."

बटणापर्यंत पोचलेलं त्याचं मनगट वच्छलाबाईंनी पकडलं. ऐंशीतल्या बाईचा हात, पण जात्यावर घडलेला.

"हात नको लावू! तुले काही सुचनं, का तू आंगठा दाबस. अन् तू आंगठा दाबा, का आमना आवाज जास."

ईश्वरने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. एवढ्या जवळच्या माणसावर त्याने कधी संशय घेतला नव्हता.

"बंद केला असता तर काहीच रद्द करता आलं नसतं, कायमचं गेलं असतं," ज्योत्स्ना हळूच म्हणाली. तिने दोन्ही हातांनी चार बटणं दाबली. वीज मागे गेली, तिसरी ओळ आली. पुन्हा दाबली, नवीन निर्दोष सुटला, दुसरी आली. मग श्वासाचा आरोप रद्द झाला आणि पहिली आली. आपली इतकी बुद्धी मागे गेल्यावर एवढं छान काही उरतं, हे ईश्वरला लाजत मान्य करावं लागलं.

ज्योत्स्नाच्या हातून सवयीने ती बटणं आणखी एकदा दाबली गेली. सकाळी ईश्वरने कचरा म्हणून पुसलेला, गाण्याआधीचा एक तुकडा परत आला. दगडीबाई दटावत होती:

"वच्छे, पैले पानी पी ले, मंग म्हण!"

"हे मी चुकून नाही, मुद्दाम काढलं होतं," ईश्वर म्हणाला. पहिल्यांदाच त्याला स्वतःचा राग आला. "आता पुन्हा काढू?"

वच्छलाबाईंनी समोरचा तांब्या उचलला, बहिणीने सांगितल्याप्रमाणे घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आते लाव."

ईश्वरने अंगठा खिशात घातला आणि ज्योत्स्नाला खुर्ची दिली.