मिलिंदचे कारभारी

मिलिंद दर दोन-चार महिन्यांनी कारभारी बदलतो, आणि त्या दिवशी आमच्या ऑफिसात कुणाचंच काही चालत नाही.

कारभारी म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही मिलिंदला जमीनदार समजाल. आम्ही कोल्हापुरात दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहितो. म्हणजे मिलिंद लिहितो, मी माहितीपुस्तकं लिहितो आणि गिऱ्हाइकांचे फोन घेतो. प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहितात त्या भाषेच्याही आवृत्त्या निघतात, आणि जुनीत लिहिलेलं नवीत चालेलच असं नाही. म्हणून एकाच कॉम्प्युटरवर चार-पाच आवृत्त्या नांदवाव्या लागतात. कुठल्या कामाला कुठली उठवायची, हे ठरवणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. जग त्याला व्हर्जन मॅनेजर म्हणतं, मिलिंद कारभारी म्हणतो. असे कारभारी पुष्कळ मिळतात, सगळे फुकट राबतात. शहाणी माणसं त्यातला एक धरतात आणि त्याच्याबरोबर म्हातारी होतात.

"भावा, कारभारी बदललाय," हेल्मेट काढायच्या आधीच मिलिंद सांगतो.

"कालचा काय वाईट हुता?"

"वाईट कोण म्हणतंय? चांगलाच हुता. पर ह्यो बघ, चटदिशी उठतोय."

कालचा आला तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

गेलेल्याला मात्र तो कधी पुसत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना एक फाईल वाचतो, तीत कारभाऱ्याच्या नावाची ओळ असते. मिलिंद त्या ओळीपुढं एक खूण घालतो; मग कॉम्प्युटर ती ओळ वगळून पुढं जातो. वर निरोपाचं भाषण टाईप करतो: 'यांनी तीन महिने इमानेइतबारे सेवा केली. स्वभाव तापट, मन निर्मळ.' मी ती फाईल चोरून वाचतो. माझ्या निरोप समारंभाला इतकं खरं कुणी बोललं तर मी सुखानं घरी जाईन.

"पुसून टाक की लेका," मी एकदा म्हटलं.

"रिटायर झालेल्या माणसाला घरातनं भाईर काढत्यात व्हय?"

पुढं एकदा तो ती खूण घालायलाच विसरला. जुना आणि नवा दोघंही एकदम उठून बसले. मिलिंद नव्याला हुकूम सोडी आणि उत्तर जुना देई. तीन तास हा तमाशा चालला. शेवटी मिलिंदनं खुर्ची मागं सरकवली आणि पडद्याकडं बघून अदबीनं म्हणाला, "तुमी जरा गप बसा की आता. लई केलंसा."

मला तो नुसता धरसोडीचा वाटायचा. "बरं झालं, लगीन केलं न्हाईस," असा टोमणा मी एकदा मारला. तो हसला. त्या दिवशी चहाला मात्र आला नाही.

गेल्या महिन्यात मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. राधानगरीकडच्या एका गावात महिलांची दूध संस्था आहे, ती अजून मिलिंदचा सगळ्यात पहिला प्रोग्रॅम चालवते. तो इतक्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला की नवे कारभारी तिला दारात उभं करत नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मिलिंदची सगळी शोधाशोध त्या एका आवृत्तीसाठी होती. एकानं तिला सांभाळायचं सोडलं, की तो दुसरा धुंडाळायचा.

"तिथं आता नवा प्रोग्रॅम बसवा," मालक म्हणाले. "इथं बसून सगळं दिसेल. तुमचे हेलपाटे थांबतील."

"सचिव आक्का सत्तरीच्या हायत," मिलिंद म्हणाला. "डोळ्यानं दिसत न्हाय. बोटांच्या सवयीवर चालवत्यात. नवं त्यास्नी जमायचं न्हाय."

मालक माझ्याकडं वळले. "तुम्ही जाऊन बघा. तुम्ही म्हणाल तसं करू."

गाडीवर मागं बसून गेलो. एरवी हा माणूस सिग्नलला थांबला तरी भाषण देतो. त्या दिवशी गाव येईपर्यंत नुसती गाडी पळवत राहिला.

संध्याकाळच्या दुधाला अजून अवकाश होता. मिलिंद आतल्या खोलीत कॉम्प्युटरपाशी बसला. आक्कांनी मला ओट्यावर चहा दिला आणि त्याच्यासाठी खरवसाचं भांडं आत पाठवलं.

"आक्का, खरं सांगा. नवं आलं तर जमंल?"

"न जमाय काय झालं?" आक्का म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषी थाटात बोलतात, तशाच. "पोरगी पुण्यास्नं फोन करती, तिच्यासंगं व्हिडिओवर बोलतोय मी. फोटू धाडतोय."

"मग ह्याला सांगितलं का न्हाई?"

त्यांनी आतल्या दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला.

"पावणं, त्येची आई गेल्यापास्नं त्यो सणाला कुणाच्यात जेवतोय, ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षं मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो.

"माज्यात. पाडव्याला येतोय आन म्हणतोय, कॉम्प्युटर बघाय आलोय. बेंदराला बी कॉम्प्युटर. नवं बसलं तर कुटल्या नावानं ईल?"

तेवढ्यात मिलिंद हात पुसत बाहेर आला. "चाललं आक्का. पर ह्यो कारभारी काय भरवशाचा न्हाय. म्हैन्यानं परत यायला लागंल."

"लागंलच की," आक्का म्हणाल्या. मग कमरेची दुधाची पावती काढून त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि त्याच्या हातात दिली. "बघ रं, काय लिवलंय. मला मेलं दिसत न्हाय."

तो शेजारी बसला आणि पावती वरपासून खालपर्यंत सावकाश वाचून दाखवू लागला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला विचारलं, "मग? जमेल त्यांना?"

"छे हो," मी म्हणालो. "त्यांना अजिबात दिसत नाही."