चार चहाचा निरोप

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, खात्याखात्यांत निरोप पोचवायला माणूस धावतो, हा तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या अमरदीपला विज्ञानाचा अपमान वाटायचा. म्हणून त्यानं तीन महिने खपून ऑफिसात सर्व्हर आणि प्रत्येक खात्यात एकेक स्क्रीन बसवला. सगळं उभं होतं एका फुकट मिळालेल्या फ्रेमवर्कवर. म्हणजे सांगाडा तयारच. सर्व्हरनं कसं बोलायचं आणि समोरच्या यंत्रानं कसं ऐकायचं, हे त्यात ठरलेलं. आपण फक्त निरोप भरायचा. माहितीपुस्तिका दोनशे पानांची होती, पण हुशार माणसाला पहिली वीस पुरतात, असं त्याचं मत होतं.

पुण्याचं मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला आलं, त्या दिवशी उद्घाटन ठरलं. मालक यल्लाप्पाअण्णांनी कँटीनच्या जयाबाईंना बजावून ठेवलं, "स्क्रीनवर येईल तेवढं करायचं. उलट इचारायचं न्हाय."

पाहुण्यांसमोर अमरदीपनं टाइप केलं, 'ऑफिसात चार चहा.' चहा आला. अण्णा खुलले. तीन मिनिटांनी पुन्हा चार आले. मग पुन्हा चार.

अमरदीप कँटीनकडं पळाला. "जयाक्का, बास की आता."

"मला काय सांगतोस? काँप्युटर मागायलाय. उलट इचारायचं न्हाय म्हणाल्यात अण्णा."

झालं होतं एवढंच, की कँटीनच्या यंत्रानं 'मिळाला' असं उलट कळवेपर्यंत हे फ्रेमवर्क निरोप पाठवत राहायचं. ते कळवायची ओळ अमरदीपनं लिहायची राहिली होती. पान एकशे बारा.

घाबरून त्यानं सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. मधल्या वेळेत तुंबलेले निरोप एकदम सुटले. त्यात त्यानं चाचणीसाठी पाठवलेले चहाचे निरोपही होते. जयाबाईंनी मोठं पातेलं चढवलं.

ऑफिसात कप ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा ट्रे भट्टीकडं वळले. पाहुणे कारखान्यात शिरले, तर साठ कामगार निवांत चहा पीत बसलेले.

"कामगारांची एवढी काळजी?" पाहुणे म्हणाले.

अठरा वर्षांत कामगारांना कधी पाणीसुद्धा न विचारलेले अण्णा शांतपणे म्हणाले, "आमच्यात अकराला चहा असतोयच. पहिल्यापासनं."

ऑर्डर तिथंच पक्की झाली.

अमरदीपनं संध्याकाळी ती ओळ लिहिली आणि कौतुकाच्या अपेक्षेनं सकाळी लवकर आला. साडेअकराला अण्णांनी बोलावलं.

"काय केलास रं त्या सॉफ्टवेअरला?"

"दुरुस्त केलं, अण्णा."

"कुणी सांगितलं तुला? पोरं चहासाठनं खोळंबल्यात. पाव्हणं परत कवा येतील, सांगता येतंय व्हय? व्हतं तसं कर."

चूक नकळत व्हायला त्याला एक राहिलेली ओळ पुरली होती. तीच चूक रोज बरोबर अकराला आणि साठच कपांची व्हावी म्हणून अमरदीपला उरलेली एकशेऐंशी पानं वाचावी लागली.