हवालदारांचा डावा गुडघा

सकाळी साडेसात वाजता गोव्यातल्या लाटंबार्से गावी आपल्या घराच्या अंगणात गोकुळदास हवालदार डाव्या पायाने लंगडण्याचा सराव करत होते. तुळशीपासून न्हाणीपर्यंत जायचे, वळायचे आणि परत यायचे. लंगडण्याचा त्यांना चोवीस वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे हे काम खरे तर जड जाऊ नये. अडचण एवढीच होती की ती चोवीस वर्षे ते उजव्या पायाने लंगडत आले होते.

"वळताना परत उजव्यार गेलात," स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या बायकोने, पद्मावतीने, चूक पकडली. "थंय पणजेक असाच केलात तर?"

"अगो, पण डाव्यान लंगडायचा म्हटला तर सगळो भार उजव्यार येता. आणि दुखता तो उजवोच!"

"मगे ह्या त्या तुमच्या सायबाक सांगा."

सायबाला सांगणे, हीच तर मोठी पंचाईत होती. सायब म्हणजे निवृत्त नायब सुभेदार बाबली. सैन्यात कारकुनी केलेले बाबली आता डिचोलीच्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून माजी सैनिकांचे अपंगत्वाचे दावे भरून देत. तेही फुकट. पैसे घेणाऱ्या माणसाला चार शब्द सुनावता येतात, फुकट राबणाऱ्याचे मात्र चहा पाजून आभारच मानावे लागतात. त्यातून ते हुद्द्याने वर. निवृत्त होऊन सतरा वर्षे झाली तरी बाबलींनी खाकरले की हवालदारांचे खांदे आपोआप ताठ होत.

दाव्यातल्या पैशांची हवालदारांना तेवढी हाव नव्हती. त्यांना हवी होती ती सरकारी कागदावरची एक ओळ: गुडघा सेवेत असताना गेला. चोवीस वर्षांपूर्वी बर्फातल्या एका चौकीवर रॉकेलचा डबा पाठीवरून चढवताना ते घसरले होते आणि खालच्या दगडावर गुडघा आपटला होता. आजारपणाच्या रजेवर गावी आले तो काजूचा हंगाम होता. गावाने त्यांना लंगडताना पहिल्यांदा पाहिले ते काजूच्या बागेत, त्यामुळे गावाने तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला: हवालदार काजीवरून पडला. तेव्हापासून कुठल्याही लग्नात, बारशात कोणी ना कोणी विचारायचाच, "काय हवालदार, औंदा काजीर चढलंस काय नाय?" माणसे हसायची, हवालदारही हसायचे. पण हे त्यांना फार लागायचे.

म्हणून त्यांनी दावा केला. अर्जात मजकुरासाठी रकाने होते आणि शेवटी माणसाच्या शरीराचे एक चित्र होते. दुखापत असेल तिथे फुली मारायची. बाबलींनी मजकुरात सुंदर अक्षरात 'उजवा गुडघा' लिहिले. मग पट्टी घेऊन, लाल शाईने, चित्राच्या उजव्या अंगाला झकास फुली मारली. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे, हे त्यांच्या गावीही नव्हते.

सव्वा वर्षाने अर्ज परत आला. मजकुरात उजवा, चित्रात डावा, खुलासा करावा.

पद्मावतीने चित्र पाहिले मात्र, कपाळावर हात मारला. "देवाक कौल लावताना देवाचो उजवो हात आपल्या डाव्या अंगाक येता, ह्या गावातल्या ल्हान पोरांकय म्हायत आसा! तुमचो सायब कधी देवळात गेलो नाय काय?"

सायब दर सोमवारी देवळात जात. पण त्यांच्या मते देऊळ वेगळे आणि दफ्तर वेगळे. दफ्तराचा नियम त्यांना तीस वर्षांच्या नोकरीने शिकवला होता.

"चित्र खोडूक जायना, हवालदार," ते म्हणाले. "चित्र खोडला की कागद रद्द. अक्षर खोडून बाजूक सही मारूक जाता." आणि हवालदार घरी गेल्यावर त्यांनी मजकुरातला 'उजवा' खोडला, वर 'डावा' लिहिला, बाजूला सही ठोकली आणि कागद रवाना केला. हवालदारांना हे कळले तेव्हा आणखी सव्वा वर्ष उलटून पणजीच्या वैद्यकीय बोर्डाची तारीखही लागली होती. मध्ये बारा दिवस होते.

"सायब, पण गुडघो तर उजवो!"

"आता कागदार डावो आसा. नवो अर्ज करशात तर परत अडीच वर्सां. तुमका चालतला?"

हवालदारांनी नकारार्थी मान हलवली.

"मगे एकच दिस डाव्यान लंगडा. आणि केस चालू आसताना कोणाकडे अवाक्षर काढू नका."

तो हुकूम होता. हवालदारांनी सराव सुरू केला.

तिसऱ्या दिवशी स्टँडवरच्या चहावाल्या सदाशिवाने पाहिले. "गोकुळदासा, काल उजवो होतो मा रे? आज डावो कसो?" हवालदार हुकमाप्रमाणे गप्प राहिले. सदाशिवाने त्यातून अर्थ काढला की वाचाही गेली. संध्याकाळपर्यंत हवालदारांना अर्धांगाचा झटका आल्याची बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवसापासून लोक केळी आणि शहाळी घेऊन येऊ लागले. येणाऱ्यासमोर चालून दाखवावे लागे, तेही डाव्याने. सराव छान होत होता, पण बारा दिवस सगळा भार सोसून खरा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला.

बोर्डाच्या दिवशी बाबली स्वतः बरोबर आले. पणजीच्या बसमध्ये त्यांनी शेवटची उजळणी घेतली. "डॉक्टरांनी डावो दाबलो की काय म्हणशात?"

"आई गे."

"आणि उजवो दाबलो तर?"

"सायब, तो दाबलो तर मी खंय जातलंय ता माकाच म्हायत नाय."

बोर्डावर एक तरुण डॉक्टर मेजर मॅडम होत्या, नागपूरकडच्या, मराठी बोलणाऱ्या. "चालून दाखवा," त्या म्हणाल्या. हवालदार डाव्याने लंगडत निघाले. चौथ्या पावलाला उजव्याने दगा दिला, तेव्हा ते उजव्याने लंगडले. मग आठवण झाली आणि पुन्हा डाव्याने. खोलीच्या टोकाला पोचेपर्यंत ते दोन्ही पायांनी लंगडत होते.

मॅडमनी फाइलीत पाहिले. "दोन्ही गुडघे आहेत का?"

"डावा, मॅडम! फक्त डावा!" दारातून बाबली ओरडले.

"तुम्ही जरा बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या. दार लागले. मग त्या हवालदारांकडे वळल्या आणि नुसते म्हणाल्या, "हवालदार, गुडघा कुठला?"

हवालदार होते तिथे सावधानमध्ये उभे राहिले. समोर अधिकारी आणि प्रश्न सरळ. जन्मभर फौजेत नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून अशा वेळी खोटे निघत नाही.

"उजवा, मॅडम."

आणि मग सगळेच बाहेर पडले. बर्फ, रॉकेलचा डबा, दगड, लाल फुली, तुळशीपासून न्हाणीपर्यंतचा सराव. आता अडीच वर्षे गेली, ओळ गेली, वर खोटेपणाचा ठपका येणार, अशी त्यांची खात्रीच झाली.

मॅडम फाइलीचे कागद उलटत होत्या. सर्वांत तळाशी, बाबलींनी सुबक टाचून ठेवलेली, जुन्या लष्करी इस्पितळाची चिठ्ठी होती. उजवा गुडघा, कर्तव्यावर असताना. त्यांनी चिठ्ठी वाचली, मग चित्र समोर धरले आणि बराच वेळ तोंडावर रुमाल ठेवून बसल्या.

"मॅडम, चित्र खोडता येत नाही ना?" हवालदारांनी भीत भीत विचारले.

"कशाला खोडायचं? अर्जाचं पानच बदलायचं." त्यांनी खण उघडून कोरे पान काढले. "शंभर पडलीत इथे. बसा, त्या गुडघ्यावर उभे राहू नका. आणि यापुढे आजारी पायाचीच बाजू घ्या."

सगळे काम दहा मिनिटांत झाले.

दोन महिन्यांनी पत्र आले. उजवा गुडघा, सेवेतील दुखापत, दावा मंजूर. पद्मावतीने पत्र देवापुढे ठेवले आणि पदराने डोळे पुसले. हवालदारांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पत्र खिशात घातले आणि चोवीस वर्षांचा हिशेब चुकता करायला आपल्या हक्काच्या उजव्या पायाने लंगडत स्टँडवर गेले.

सदाशिवाने पत्र मोठ्याने वाचले. चहा पिणारे सगळे गोळा झाले. कोणी हसले नाही. उलट सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा आदर पसरला की हवालदारांची छाती फुगली.

"मानला बुवा," सदाशिव शेवटी म्हणाला. "पणजेक गेलास तेव्हा डाव्यान लंगडत होतस. आता उजव्यान. पाय बदललो आणि सरकाराक पत्तो नाय!"

"अरे, तसा नाय. पयलीपासून उजवोच. तो डावो मी मुद्दाम..." हवालदार बोलून गेले आणि तिथेच फसले.

"मुद्दाम!" सदाशिवाने सगळ्यांकडे पाहून डोळा मारला. "बाबली सायबाचा डोका म्हणजे डोका!"

हवालदारांनी तासभर समजावले. जितके समजावले तितका लोकांचा आदर वाढत गेला. ते उठून घराकडे निघाले तेव्हा गौरेश मागून धावत आला. खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, हाताला प्लास्टर होते, आणि आजवर त्यांना 'काजीवरचो हवालदार' म्हणून चिडवण्यात तो सर्वांत पुढे असे.

"काका," तो आज पहिल्यांदाच अदबीने म्हणाला, "बाबली सायबाकडे माझ्यासाठी एक शब्द टाकशात? माझी केस अगदी तुमच्यावरीच. मी पण काजीवरसूनच पडलंय."

"गाढवा, पण तू सैन्यात खंय होतस?"

"ता सायब बघतले," गौरेश म्हणाला.