सेतुमाधवरावांचं इन्फ्रारेड

सेतुमाधवरावांना फोनमधला एखादा फोटो द्यायचा म्हणजे लग्नच लावायचं असे. दोन्ही फोन टेबलावर नाकाला नाक लावून मांडायचे, मधला टिफिनचा डबा उचलायचा, ऊन येऊ नये म्हणून पडदा ओढायचा आणि खणखणीत आवाजात पुकारायचं, "अंतरपाट दूर!" तेव्हा कुठे इन्फ्रारेडचे अदृश्य किरण या फोनातून त्या फोनात जायला निघत. मध्ये कुणाचा हात आला की लग्न मोडलं!

श्रीपेरुंबुदूरच्या आमच्या मोबाइल कारखान्यात ते चाचणी विभागाचे प्रमुख. घराणं तंजावरचं, मराठी शहाजीराजांच्या काळातलं, हेल अस्सल तमिळ. मी पुण्याहून येऊन त्यांच्या हाताखाली पडलो.

"सार, ब्लूटूथ तर भिंतीपलीकडेही जातं," असं एखाद्या तरुणाने म्हणायची खोटी, राव गरजत, "भिंतीपलीकडे जातं ते बोलणं नव्हे रे, चहाडी! मनुष्याने समोर बसून बोलावं."

फोटो अर्ध्यावर असताना कुणी चुळबुळ केली की, "बस की! अवसर काय?" अवसर म्हणजे तमिळ घाई. तेवढ्यात त्याच्या घरच्या सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून होई.

मग वरून हुकूम आला : नव्या फोनमधून इन्फ्रारेड काढा. रावांनी कंबर कसली. इन्फ्रारेडचं नवं, वेगवान मानक नुकतंच आलं होतं. ते बसवलेले दोन नमुने घेऊन ते साहेबांपुढे ठाकले. फोन समोरासमोर धरले, आणि मी मनात 'शुभमंगल' म्हणेपर्यंत फोटो पलीकडे पोचलासुद्धा!

साहेबांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "पुन्हा करा."

पुन्हा तेच. निकाल लागला, इन्फ्रारेड राहिलं. "पुढचा जमाना आपलाच ओ!" राव मिशीवर ताव देत बाहेर पडले.

कँटीनमध्ये कॉफी घेताना मी म्हटलं, "राव, आता तुमचा तो जुना ठोकळा फेका. हा नवा वापरा."

"नको ओ." त्यांनी ठोकळा खिशात खोल सरकवला. "लेक चेन्नईत टी. नगरला असते. रविवारी येते, नातीचे फोटो देते. एकेक सावकाश येतो. तोवर बसते समोर, बोलते."

कॉफीचा पेला त्यांनी उगाच दोनदा फिरवला.

"क्षणात झालं तर उठेल की ओ ती."