साडेअकरा मिलिमीटर

आमच्या कारखान्यातला प्रत्येक नटबोल्ट माझ्या हाताखालून जातो. तपासनीस म्हणून बावीस वर्षं झाली, सदोष माल बाहेर गेलेला नाही. त्यामुळे न्हाव्याने केस जरा जास्तच बारीक केले आणि कानामागे एक गाठ हाताला लागली, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. घाबरायचं कशाला? मोजायचं! जाडी मोजायचा व्हर्नियर कारखान्यातून पिशवीत टाकून घरी आणला, न्हाणीघराला आतून कडी लावली आणि गाठ त्याच्या जबड्यात धरली. नऊ मिलिमीटर. कॅलेंडरच्या मागे नुसता आकडा लिहून ठेवला. बायकोला काही बोललो नाही. ती उगाच काळजी करत बसते.

दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी साडेअकरा!

मग वाचायला बसलो. सिस्ट म्हणजे म्हणे द्रवाने नाहीतर घट्ट पदार्थाने भरलेली पिशवी. ती कातडीखाली होते, मनगटावर होते, गुडघ्यामागे होते, मूत्रपिंडात होते. अंडाशयातही होते हे वाचून निदान एक काळजी मिटली. बहुतेक सिस्ट निरुपद्रवी असतात असंही लिहिलं होतं, पण त्या 'बहुतेक'ने माझी भूक पळवली. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की बसावंसं. मुलीच्या शिक्षणाची पाच वर्षं बाकी होती. माझी किती होती, कोण जाणे.

चौथ्या दिवशी ताटात बीट आलं. पाचव्या दिवशी पुन्हा बीट, आणि बायको चक्क गुणगुणत होती.

"आज काय विशेष?" मी विचारलं.

"कॅलेंडरमागचं वाचलं मी. गुपचूप रक्त तपासून घेता होय? नऊवरून साडेअकरा! हिमोग्लोबिन छान वाढतंय की. मग तोंड पाडून का बसलात?"

"अगं, वाढतंय म्हणूनच!" मी म्हणालो आणि तिला कानामागची गाठ दाखवली. मला इतक्यात मरायचं नाही, असंही काहीतरी बोलून गेलो.

तिने गॅस बंद केला आणि मला तडक डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गाठ चाचपली.

"त्वचेखालची साधी सिस्ट आहे. भिण्यासारखं काही नाही. पण एवढी लाल कशाने झाली? दाबता का?"

मी खिशातून व्हर्नियर काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी त्याचा जबडा एकदा उघडून मिटून पाहिला.

"दिवसातून किती वेळा?"

"सहा. सरासरी काढायला लागते."

"म्हणूनच सुजलीय. हात लावू नका, सूज उतरेल. गाठ कधीपासून आहे?"

"सोमवारपासून," मी म्हणालो.

"लग्नापासून," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो. "अगं, मग इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तुमचं डोकंच तसं आहे."

सूज उतरली. आता दर रविवारी बायकोच गाठ अंगठ्याने चाचपून बघते आणि "आहे तेवढीच" म्हणते. नेमकी किती, हे विचारायची मला सोय राहिलेली नाही.