गणूभाऊंचं दार

अगं, जवळ सरक. उंबऱ्यात अर्धा पाय ठेवून गोष्ट ऐकायची ही कुठली रीत? हां, टेक अशी. आमच्या शेजारच्या गणूभाऊंची गोष्ट सांगते.

कुणाच्याही घरी गेले की आधी चहा नाही, पाणी नाही. बोटाच्या पेराने खांब, पाट, पलंग टकटक वाजवायचे, कान लावायचे. "सागवान हाय, वयनी. साळेत शोभंल!" आयुष्य गेलं माथेरानला घोडे हाकण्यात, घरी एकटा जीव, पण लाकडाचं वेड सुताराहून जास्त. माझे दोन पाट असेच बसल्या जागेवरून शाळेत गेले.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं ती, लाकूड सगळं लढाईकडे जायचं. कर्जतला लोकांच्या देणग्यांवर उद्योगाचं हायस्कूल उभं राहत होतं. कुणी जागा दिली, कुणी कौलं. कातकरीवाडीने कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या वाहून आणल्या. सुतारकामाच्या वर्गाला मात्र लाकूड मिळेना. तपासणीचे साहेब येणार होते. पोरांच्या हाताखाली लाकूड दिसलं नाही तर वर्ग बंद!

तेवढ्यात शिमगा आला. होळीसाठी मागितलं तर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. गणूभाऊ ओरडत फिरले, "होळीला लाकूड द्या गं बायांनो!" फळ्या आल्या, जुने वासे आले. सगळं गाडीत भरलं आणि नेलं थेट शाळेत!

होळीला माळावर नुसत्या गवऱ्या. पाटील कडाडले, "गणू, देवीच्या तोंडचा घास पळवलास? जा, आन परत!"

"साळेत गेलेलं परत नाय येनार," म्हणाले आणि तडक घरी गेले. आम्हाला वाटलं, रुसले. तर दोन खेपांत स्वतःच्या सागवानी दाराच्या दोन्ही फळ्या डोक्यावरून आणल्या आणि होळीत टाकल्या. "घे होळीमाय, पोट भर."

वर्ग टिकला. पोरांनी पहिलं काम कुठलं केलं असेल? गणूभाऊंसाठी नवं दार! त्यांनी ते वाजवून पाहिलं, "बेस हाय," म्हणाले आणि विटांवर आडवं टाकून बाक केला.

मी म्हटलं, "अवो, दार चौकटीला लावा की. कुत्री शिरतात घरात."

"दार व्हतं तवा कुनी वाजवलं नाय, वयनी. आता साळंची पोरं जाता-येता शिरतात. पानी पितात, बसतात." मग दुसरीकडे बघत म्हणाले, "बाक कमी पडतो कदी कदी."

पोरी, माझंही दार हल्ली उघडंच असतं. पुन्हा लवकर ये. आणि उंबऱ्यात उभी राहू नकोस, सरळ आत ये.